पलटणीचं पोट: कंपनी सरकारच्या छावणीच्या रसदीचा हिशेब कसा मांडावा

कंपनी सरकारच्या काळावरच्या आपल्याकडच्या लेखनात लढाई पानंच्या पानं चालते आणि जेवण मात्र 'रसद पोचली' एवढ्या दोन शब्दांत उरकतं. कादंबरी असो, गावचा इतिहास असो की प्रबंध, छावणीत रोज किती पोती उतरली, ती कोणी आणली आणि पैसे कोणी चुकवले हे कोणी विचारत नाही. हिशेब मांडायला बसलं की मात्र एक गोष्ट लगेच उघड होते. छावणीतली बहुतेक माणसं सरकारी कोठारातून जेवतच नव्हती, ती बाजारातून जेवत होती. कोठाराकडे बघून छावणी समजत नाही. छावणीच्या हद्दीतल्या सदर बाजारात, वाण्याच्या दुकानापासून सुरुवात करावी लागते.

खाली मी ज्या क्रमाने हिशेब मांडतो तो क्रम दिला आहे. उदाहरण पुण्याचं घेतलंय, पण रीत नगर, शिरूर, कामठी कुठेही चालेल.

पहिलं काम: साल पक्कं करा

'एकोणिसाव्या शतकात' असं म्हणून रसदीचा हिशेब होत नाही. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली आणि त्यानंतर पुण्याची छावणी वसली. तेव्हा मुंबईचा माल होडीने पनवेलला येई आणि बैलांच्या पाठीवरून घाट चढे. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला आणि बैलाच्या पाठीऐवजी गाडीचा हिशेब सुरू झाला. १८५८ मध्ये पुणे ते खंडाळा रेल्वे आली, पण घाटातला तुकडा पुरा व्हायला १८६३ उजाडलं. मधली पाच वर्षं माल रेल्वेतून उतरवून घाटापुरता पुन्हा बैलांवर आणि हमालांवर चढे.

नाण्याचंही तसंच. १८३५ आधीचं साल घेतलंत तर अंकुशी, चांदवडी आणि मुंबई रुपया असा घोळ अंगावर येतो आणि प्रत्येक व्यवहारात सराफाचा वटाव, म्हणजे नाणं बदलून देताना तो कापून घेई ती रक्कम, धरावा लागतो. १८३५ नंतर कंपनीचा एकच रुपया, १६ आण्यांचा, ६४ पैशांचा. म्हणून मी नेहमी १८४५ च्या आसपासचं साल घेतो: घाटरस्ता झालेला, रुपया एक झालेला, रेल्वे अजून यायची.

तोंडं मोजा

कागदावर पलटण ८०० ची असते. जेवणारे तेवढेच नसतात. प्रत्येक घोड्यामागे सईस आणि गवतकाप्या, शिवाय भिस्ती, धोबी, डोलीवाले, तंबू ठोकणारे खलाशी, साहेबाचे बटलर-खानसामे, बाजारातले वाणी आणि शिपायांची बायकापोरं. मोहिमेवर तर हा पसारा हाताबाहेरच जाई. १८३८ मध्ये अफगाणिस्तानकडे निघालेल्या फौजेत बंगाल फौजेचे लढणारे साडेनऊ हजार होते, मागून चालणारे ३८,००० आणि उंट ३०,०००.

छावणीत प्रमाण इतकं टोकाचं नसे. उदाहरणापुरती एक छावणी उभी करू. आकडे माझे, हिशेबाच्या सोयीसाठी घेतलेले: गोरी पलटण ८००, दोन देशी पलटणी मिळून १,६००, नोकरचाकर आणि कुटुंबं ३,६००, तोफखान्याचे घोडे १५०. एकूण माणसं ६,०००. आता तुमच्या कथेत किंवा प्रबंधात जे आकडे असतील ते इथे बसवा.

शिधा कोणाला, विकत कोणाला

इथे बहुतेकांची चूक होते. सरकारी शिधा गोऱ्या सोल्जराला मिळे. देशी शिपाई पगारातून विकत घेऊन खाई. त्याचा पगार महिन्याला ७ रुपये, आणि तो १८९५ पर्यंत वाढला नाही. धान्य ठरावीक दरापलीकडे महागलं तर सरकार महागाईची भरपाई देई, पण पीठ-डाळ हातात देत नसे. देशी शिपायाला फुकट शिधा मिळू लागला तो थेट पहिल्या महायुद्धात. म्हणून १८४५ चा शिपाई पहाटे रांगेत उभा राहून सरकारी पीठ घेतोय असं दृश्य लिहू नका. तो संध्याकाळी बाजारात वाण्याशी वाद घालत असतो, आणि बहुतेकदा वाण्याच्या वहीत त्याचं नाव असतं.

शिपाई काय खातो हे तो कुठला यावर अवलंबून. मुंबई फौजेत कोकणातला शिपाई होता, त्याला भात हवा. देशावरचा भाकरीवाला. उत्तरेकडून आलेल्या परदेश्याला गव्हाची रोटी. म्हणजे एकाच पलटणीसाठी बाजारात तांदूळ, जोंधळा, बाजरी आणि गहू चारही लागत. शिवाय जातीजातीची चूल वेगळी. एका मोठ्या कढईत साऱ्या पलटणीचं शिजवून वाढणं ही कल्पना त्या काळच्या देशी पलटणीला लागूच पडत नाही. ज्याची त्याची पितळी भांडी, तीन दगडांची चूल आणि सरपणाची मोळी. हिशेबात याचा अर्थ असा, की सरपण तुमच्या अंदाजापेक्षा जास्त धरा.

मण म्हणजे किती?

या पायरीवर मी स्वतः सपशेल आपटलोय. जुन्या कागदातले मण मी पक्के समजून धरले आणि माझी पलटण एकदम तिप्पट खादाड निघाली. दोन दिवस मी कारणं शोधत होतो, कोणी चोरून विकत होतं की काय. कारण साधं होतं. पक्का मण ४० शेरांचा, सुमारे ८२ रत्तल (पौंड). मुंबईचा मणही ४० शेरांचाच, पण वजनाने २८ रत्तल. कागद मुंबईचा होता.

पक्का शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे आजचे सुमारे ९३३ ग्रॅम. त्याचे १६ छटाक. रत्तल म्हणजे अर्ध्या शेराला थोडं कमी. एवढं पाठ केलंत की कोष्टक समोर नसलं तरी चालतं.

यापलीकडे एक खड्डा आहे. धान्य गावात वजनाने नव्हे, मापाने विकलं जाई: चिपटं, मापटं, शेर, पायली. चार शेरांची पायली बहुतेक ठिकाणी, पण पुढे कुठे बारा पायल्यांचा मण तर कुठे सोळा. आणि मापाचा शेर वजनाच्या शेराइतका भरेलच असं नाही, बाजरी वेगळी भरते, भात वेगळा. १८८५ च्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये वजनमापांचा आणि भावांचा भाग आहे, तिथून आपल्या तालुक्याचं माप आधी उतरवून घ्या. भाव वाचतानाही सांभाळा. जुने भाव 'रुपयाला इतके शेर' असे लिहिलेले असतात. आकडा मोठा म्हणजे स्वस्ताई, लहान म्हणजे टंचाई. आपल्या डोक्यात नेमकं उलटं बसलेलं असतं.

एका दिवसाचा ताळा

गोऱ्या सोल्जराला दिवसाला रत्तलभर पाव आणि रत्तलभर मांस, शिवाय थोडा तांदूळ, साखर, चहा किंवा कॉफी, मीठ. ८०० रत्तल पावाला साधारण ६०० रत्तल पीठ लागतं, कारण कणीक पाणी पिते आणि पाव वजनाला वाढतो. म्हणजे सव्वासात पक्के मण पीठ. दख्खनच्या हडकुळ्या बैलाचं साफ मांस दोनशे-सव्वादोनशे रत्तल धरा, म्हणजे रोज तीन-चार जनावरं, वर्षाला बाराशेच्या वर. मेंढ्या धरायच्या तर एका दिवसाला तीसेक. एवढी जनावरं एका जिल्ह्याच्या बाजारातून दरसाल निघत राहिली तर शेतकऱ्याच्या औताच्या बैलाच्या किमतीवर काय परिणाम होईल, हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे.

देशी शिपायाचा अंदाज १२ छटाक पीठ, २ छटाक डाळ, १ छटाक तूप असा धरतो. तूप रोज मिळेच असं नाही, पण हिशेबात ठेवतो. १,६०० माणसांना पाऊण शेराने १,२०० शेर, म्हणजे ३० मण. ३,६०० नोकरचाकर आणि बायकापोरांना सरासरी अर्धा शेर, म्हणजे ४५ मण. एकूण ७५ मण धान्य, रोज.

आता घोडे. घोड्याची चंदी दिवसाला ४ शेर हरभरा धरा (मद्रासकडे कुळीथ घालत), आणि १० शेर सुकं गवत. १५० घोड्यांना १५ मण हरभरा आणि साडेसदतीस मण गवत, मिळून साडेबावन्न मण. आधीच्या ओळीशी ताडून बघा. ५,२०० माणसांना ७५ मण आणि १५० घोड्यांना साडेबावन्न. छावणीभोवतीची कुरणं आणि गवताचे भारे यांवरून गावकऱ्यांशी तंटे का होत, ते या दोन आकड्यांत आहे.

सरपण: गोऱ्यांसाठीच माणशी दीड शेर धरलं तरी ३० मण. देशी चुलींचं वेगळं. टेकड्या उघड्या पडण्याचं एक कारण इथेही शोधा.

पाव, मांस, दारू

पावाचं थोडं जवळून पाहू, कारण इथे दृश्य आहे. गव्हाचा रवा आणि मैदा हातजात्यावर निघे. पावाला फुगवायला पश्चिम किनाऱ्याकडे ताडी वापरत. ताडी सकाळची असेल तर गोड आणि दुपारनंतर आंबून चढलेली, म्हणून भट्टीवाल्याला ती वेळेत मिळणं महत्त्वाचं. पावसाळ्यात पीठ ओलावा धरतं, त्यात अळ्या होतात, म्हणून आषाढात महिन्याचं पीठ दळून ठेवणं म्हणजे ते फेकून देणं. गहू साठवा, दळण आठवड्याचं ठेवा.

खाटिकखाना वस्तीपासून आणि देवळापासून लांब ठेवावा लागे. जनावर जिवंत आणून पहाटे कापत, कारण उन्हाळ्यात मांस दुपारपर्यंतही टिकत नाही. पुढे १८८० च्या दशकात पुण्याच्या कॅम्पात कनॉट मार्केट उभं राहिलं. आजचं शिवाजी मार्केट तेच. दुधासाठी सरकारने स्वतःचे गोठे काढले ते आणखी उशिरा, पहिला १८८९ मध्ये अलाहाबादला. म्हणून १८४५ च्या इस्पितळात दूध लिहायचं तर ते गवळ्याच्या घागरीतून आणा.

दारू हा शिध्याचाच भाग समजला जाई. त्यावर मी फार वेळ घालवत नाही. कोठारात रम किंवा अरकाची पिपं होती आणि त्यांना वेगळं कुलूप होतं, एवढं लक्षात असू द्या.

कधी घ्यायचं, कुठून आणायचं

बाजरी दिवाळीच्या सुमाराला निघते, शाळू आणि गहू माघ-फाल्गुनात. भाव तेव्हा पडलेले असतात आणि गाडीवाटा कोरड्या. मृगाच्या आत जो साठा कोठारात गेला तोच खरा. एकदा पाऊस लागला की काळ्या रानात गाडीचं चाक आरीपर्यंत रुततं आणि श्रावणात भाव चढलेला असतो. खरेदीचा अधिकारी आणि वाणी दोघांनाही हे ठाऊक असतं. वाण्याला ते दोन महिने आधी ठाऊक असतं, इतकाच फरक.

वाहतुकीचे अंदाज: पाठीवरचा बैल २ पक्के मण, उंट ५ मण, बरा रस्ता असेल तर दोन बैलांची गाडी १० मणांच्या आसपास. चाल दिवसाला दहा मैल. पनवेल ते पुणे सात-आठ मुक्काम. आपल्या ७५ मण धान्याला रोज ३८ बैल किंवा ८ गाड्या यायला हव्यात, आणि गाडी परतही जाणार. म्हणजे नुसत्या पनवेलच्या वाटेवर एका वेळी सव्वाशे गाड्या असायला हव्यात. प्रत्यक्षात बरंचसं धान्य जवळच्या मावळातून आणि भीमा-घोडच्या खोऱ्यातून येई, म्हणून छावणी जगली.

बैलाचा एक हिशेब स्वतः करून बघाच. वाटेत चारा नाही आणि त्याला त्याच्याच ओझ्यातून रोज २ शेर घालायचे असं धरा. ८० शेरांचं ओझं ४० दिवसांत संपलं. जायला वीस दिवस आणि यायला वीस दिवस लागत असतील तर छावणीला त्याने काहीच दिलं नाही. म्हणून लांबची रसद लमाण-वंजाऱ्यांच्या तांड्यांकडे जाई. त्यांचे बैल वाटेत चरत, मुक्काम पाण्या-गवतावर ठरे, आणि धान्य ते स्वतःच्या जोखमीवर विकत घेऊन फौजेच्या बाजारात विकत. दोन्ही बाजूंच्या फौजा त्यांना सहसा हात लावत नसत. लावला तर पुढच्या वेळी तांडा येत नसे.

ऑगस्ट १८०३ मध्ये इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने अहमदनगर घेतलं ते याच विचाराने. किल्ला हातात आला की पुढच्या चढाईला मागे साठ्याचा तळ मिळतो. त्यातून ते दुष्काळाचं साल. पेठेत लुटालूट करणाऱ्या आपल्याच शिपायांना त्याने फासावर दिलं. त्यात शिस्त होतीच, पण लुटलेल्या पेठेत दुसऱ्या दिवशी कोणी दुकान उघडत नाही हा हिशेबही होता.

कोठार

जमीन उंच आणि मुरमाची निवडा. दख्खनमध्ये जोंधळ्यासाठी पेव होतंच: जमिनीत खोदलेला खड्डा, आतून कडबा-काड लावलेला, तोंड मातीने लिंपलेलं. कोरड्या मुरमात ज्वारी त्यात वर्षानुवर्षं टिकते. गहू-तांदूळ मात्र वर, कणगीत किंवा पोत्यात, खाली लाकडी फळ्या, भिंतीपासून हातभर लांब, अधूनमधून कडुनिंबाचा पाला. पेव उघडल्याबरोबर आत उतरू नका. तोंड उघडून तासन्‌तास हवा खेळू द्यायची, मग दोराने पेटता कंदील सोडायचा. तो विझला तर आतला वायू माणूसही विझवेल. कादंबरीत एखादं पात्र मारायचं असेल तर तलवारीपेक्षा हे खरं वाटेल.

माल उतरवून घेताना वानगी, म्हणजे नमुना, पोत्याच्या तोंडातून घ्यायची नाही. वरचा थर वाणी नेहमी चांगलाच भरतो. पोकळ सळई पोत्याच्या पोटात खुपसून तिथलं धान्य काढा. दाणा दाताखाली कटकन तुटला तर वाळलेला, दबला तर ओला. पोत्यात कोपरापर्यंत हात घालून बघा, आत ऊब लागली तर ते पोतं आठवड्याभरात कुजणार. तूप बुधल्यातून काढून तळहातावर चोळून वास घ्या. आणि जुनं आधी काढा, नवं मागे रचा. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी हमाल नवीन पोती पुढ्यातच टाकतात, कारण दार तिकडे असतं.

बाजार आणि निरख

छावणीच्या हद्दीत सदर बाजार, शिवाय पलटणीपलटणीचा आपला बाजार. त्यावर कोतवाल, व्यापाऱ्यांचा चौधरी, वजनं तपासणारा माणूस आणि रोजचा निरख, म्हणजे ठरवून दिलेला भाव. मोदी (धान्य पुरवणारा वाणी) आणि मोदीखाना (त्याचं कोठार) हे शब्द याच जगातले. पुण्याच्या कॅम्पात मोदीखाना नावाचा भाग आजही आहे.

निरख ठरवताना साहेबाचा मोह एकच, भाव खाली दाबायचा. शिपाई खूश होतो, चार दिवस. पाचव्या दिवशी वाणी म्हणतो माल संपला, आणि तोच माल हद्दीच्या दगडापलीकडे जास्त भावाने विकला जातो. म्हणून तुमच्या हिशेबात निरख आसपासच्या गावांच्या भावाशी ताडून बघा. फरक फार असेल तर एक तर कागद खोटा आहे किंवा बाजार उपाशी होता.

ठेका आणि थकलेली बिलं

मुंबई इलाख्यात रसदीचं काम कमिसारियट खातं पाही. खातं स्वतः फारसं काही पिकवत वा वाहत नसे. ठेके देई, अनामत घेई, बिलं तपाशी आणि त्यांवर शेरे मारी. ठेकेदाराची बाजू पाहायची तर आग्र्याच्या लाला ज्योतिप्रसादाची हकिगत काढा. शीख युद्धांत त्याने फौज पोसली, सरकारकडे त्याची मोठी रक्कम थकली, आणि ती मागितल्यावर उलट त्याच्यावरच अफरातफरीचा खटला झाला. १८५१ मध्ये तो निर्दोष सुटला. १८५७ मध्ये आग्र्याच्या किल्ल्यात इंग्रज कोंडले गेले तेव्हा त्यांना धान्य पुरवायला पुन्हा त्यालाच गाठावं लागलं.

हिशेब मांडताना प्रत्येक खरेदीला तीन तारखा द्या: माल आला कधी, बिल लिहिलं कधी, पैसे मिळाले कधी. दुसऱ्या आणि तिसऱ्या तारखेतलं अंतर म्हणजे ठेकेदाराने सरकारला दिलेलं बिनव्याजी कर्ज. तो ते पुढच्या भावात वसूल करणारच.

शेवटी वेढ्याचा साठा

पाणी आधी. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावला पोचलेली कंपनीची तुकडी शिरूरहून रात्रभर चालून आली होती आणि दिवसभर अन्नपाण्याविना लढली. नदी समोर होती, पण तिच्या वाटा शत्रूच्या हातात होत्या. नकाशावर पाणी दाखवून भागत नाही. तिथपर्यंतची वाट कोणाच्या ताब्यात आहे तेही लिहा.

कोठार कुठे, हा दुसरा प्रश्न. १८४१ मध्ये काबूलला इंग्रजांनी धान्य छावणीच्या तटाबाहेर एका वेगळ्या गढीत ठेवलं होतं. नोव्हेंबरात उठाव झाला, काही दिवसांत ती गढी गेली, आणि पुढच्या शोकांतिकेची सुरुवात तिथे झाली.

साठा किती दिवसांचा, ते तोंडांच्या खऱ्या संख्येने भागून काढा. वेढ्यात आसऱ्याला आलेले लोक त्यात धरा, घोडे कापून खाल्ले तर त्यांची चंदी वजा करा. लखनौची रेसिडेन्सी वेढली जाण्याआधी तिथला इंग्रज प्रमुख हेन्री लॉरेन्स याने धान्य भरून ठेवलं होतं. जुलै १८५७ च्या सुरुवातीलाच तो मेला. सप्टेंबरात पहिली कुमक आत पोचली तेव्हा आतल्यांची समजूत होती की धान्य संपत आलंय. मग एका मोठ्या स्नानाच्या हौदात त्याने रचून ठेवलेला साठा सापडला आणि नोव्हेंबरपर्यंत पुरला. तुमच्या कोठाराच्या तक्त्यात शेवटचा रकाना म्हणून 'कोणाकोणाला माहीत' असं लिहा, आणि त्यात किमान दोन नावं भरा.